डावं-उजवं

सकाळी साडेसहाला, शिरपूरचं ऊन पत्र्यावर चढायच्या आत
सुपडूभाऊ सतरा नंबरला माझ्या हातावर ठेवतात.
तीनशे दहा ग्रॅम. ओलसर पायांचे चार थंड ठिपके.
मी सुई टोचते, पोटात, खालच्या अंगाला,
आणि वहीत तारीख घालते.

मग पेटी. पेटीत दोन दांड्या.
मॉर्फिनच्या दिवशी डावी दाबली तर दाणा पडतो,
मिठाच्या पाण्याच्या दिवशी उजवी.
शाळेत दांडी मारली की गैरहजेरी लागायची,
इथे दांडी मारली की हजेरी.
दोन महिने लागले त्याला. आता चुकत नाही.
आई सावद्याहून फोनवर विचारते, काय करतेस गं दिवसभर?
उंदरांना डावं-उजवं करायला शिकवते.
अगो बाई, म्हणते, ते तर घरोघरी न शिकवता येतं.

बरं वाटतं का, तरंगल्यासारखं,
की आमरसाच्या जेवणानंतर डोळ्यांवर येतं तसं जडशीळ काही,
हे त्याला विचारता येत नाही.
विचारता येतं फक्त, हे तेच का?
आणि तो पंजानं सांगतो, तेच.
किंवा, ते नाही.

आज मात्र आधी एक दुसरी सुई.
तिच्यात मॉर्फिनचा थेंबही नाही.
ती सेरोटोनिनला फक्त घरी परतू देत नाही,
निघालेल्या पाहुण्याला ओट्यावरच धरून ठेवावं तशी,
बसा हो, चहा टाकलाय.
त्यानंतर मॉर्फिन. नेहमीच्या निम्मं.

सतरा नंबर डावीकडे गेला. दांडीला नाक लावलं.
फिरला.
उजवी एकदाच दाबली, कडी वाजवून पळणाऱ्या पोरासारखी,
आणि दोन्हींच्या मधोमध बसून
मिशा पुसत राहिला.
यंत्र दाबणं मोजतं. मिशांना वहीत रकाना नाही.

सुपडूभाऊ काचेला कपाळ लावून बघतात.
"आज यान्हं मन दोन्हीकडे शे.
औषध तेच शे ना?"
तेच आहे, भाऊ. कमी, पण तेच.
"मंग तेले येगयं काबर वाटी राहिनं?"

वारके सर असते तर फळ्याकडे वळले असते.
मी म्हणते, औषध आत एकटं जात नाही, भाऊ,
आत आधीच कोणीतरी बसलेलं असतं.

ते बराच वेळ बोलत नाहीत. शेजारच्या पिंजऱ्यातला भुसा बदलतात.
मग मोठ्या भावाचं निघतं. घशाचा कॅन्सर.
धुळ्याहून गोळ्या आणायचे, पांढऱ्या, एवढ्याशा.
एकाच पट्टीतली गोळी सोमवारी लागायची, गुरुवारी नाही.
कधी नवापूरची लेक आलेली असायची, अर्ध्या गोळीत झोपायचा,
कधी लेक असूनही रात्रभर भिंतीला नखं.
आवाज गेलेला. चादरीवरून बोट उचलायचा.
आम्ही समजायचो ते समजायचो,
डॉक्टर लिहायचा ते लिहायचा.

सव्वासातला लाईट जाते.
कूलर एक लांब उसासा टाकून थांबतो.
सुपडूभाऊ खिशातून केळं काढतात, अर्धं मला.
केळ्यातही सेरोटोनिन असतं, मी सांगते,
पण मेंदूच्या वेशीवर अडतं. आत सोडत नाहीत.
ते हातातल्या सालीकडे बघतात.
"मंग आपलं केयं कसाले?"
पोटाला, भाऊ.
आम्ही दोघं अंधारात हसतो, तोंडं भरलेली.

आणि पेटीतून आवाज येतो,
खट्.
यंत्र बंद आहे. दाणा पडणार नाही, आकडा चढणार नाही.
पुन्हा, खट्.
मी मोबाईलचा उजेड शोधेपर्यंत
तो मधोमध बसलेला असतो.

कुठली दाबली, भाऊ?
सुपडूभाऊ साल दुमडून खिशात ठेवतात.
"तेलेच माहीत."